इन्साफमॅनचा मुखवटा आणि तहानलेले प्रेक्षक

विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘भावेश जोशी सुपरहिरो’ हा हिंदी चित्रपट १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि बघता बघता चित्रपटगृहांतून उतरलाही. त्याच शुक्रवारी ‘वीरे दी वेडिंग’ लागला होता. गर्दी तिकडे वळली. पुढे तो घरबसल्या पाहता येऊ लागला तेव्हा त्याच्याभोवती एक लहानसा पण हट्टी चाहतावर्ग जमा झाला, आणि तेव्हापासून या चित्रपटाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की, चित्रपट लांबलेला आहे, काळोखा आहे, नायक धड उडत नाही की धड लढत नाही, खलनायक फिका आहे, आणि नावात ‘सुपरहिरो’ असताना पडद्यावर तो सापडत नाही. दुसरे मत असे की, हाच त्याचा गुण आहे. आपल्याकडच्या शहरात मुखवटा घालून न्याय करायला निघालेल्या मुलाचे खरोखर काय होईल ते या चित्रपटाने दाखवले.

या मतांपैकी कोणते बरोबर, याचा निवाडा करण्याची आम्हांला घाई नाही. आमचे कुतूहल वेगळे आहे. मुखवटा घालून सूड घेणारा नायक आपल्या प्रेक्षकाने नव्वदहून अधिक वर्षे पाहिलेला आहे. त्याच्यावर तो कधी फिदा झाला, कधी त्याने पाठ फिरवली. या आवडीनिवडीला एक इतिहास आहे, आणि ‘भावेश जोशी’विषयीची मते त्या इतिहासात ठेवून वाचली तर ती निव्वळ मते राहत नाहीत, असे आम्हांला वाटते.

आधी कथानक थोडक्यात. २०११ सालचे भ्रष्टाचारविरोधी आंदोलन पाहून भारावलेले तीन तरुण, भावेश, सिकंदर ऊर्फ सिकू आणि रजत, ‘इन्साफ टीव्ही’ नावाचा उद्योग सुरू करतात. डोक्यावर कागदी पिशव्या चढवून ते नियम मोडणाऱ्यांना हटकतात आणि त्याचे चित्रीकरण करतात. दिवस जातात. सिकू नोकरीत रमतो, परदेशी जायची संधी येताच पारपत्रासाठी पोलिसाला लाच देतो. भावेश मात्र मुखवटा सोडत नाही. एका वस्तीत पाणी का येत नाही, या साध्या तक्रारीचा माग काढत तो पाणी पळवणाऱ्यांपर्यंत पोहोचतो आणि जिवाला मुकतो. मग सिकू तोच मुखवटा चढवतो आणि ‘इन्साफमॅन’ होतो. यात अलौकिक शक्ती नाही, किरणोत्सर्ग नाही, परग्रह नाही. अपराधाची बोचणी आहे आणि एक दुचाकी आहे.

एक गोष्ट येथे सहज लक्षात येते. २०११ च्या आंदोलनाचे नेते अण्णा हजारे महाराष्ट्राला प्रथम माहीत झाले ते राळेगणसिद्धीच्या पाण्यामुळे, पाणलोटाच्या कामामुळे. पाण्यापासून निघून ते भ्रष्टाचाराच्या प्रश्नाकडे गेले आणि अखेर दिल्लीच्या रामलीला मैदानावर पोहोचले. चित्रपटातील तरुण हा रस्ता उलट्या दिशेने चालतात. ते भ्रष्टाचाराच्या घोषणेपासून निघतात आणि नळाच्या तोटीशी येऊन थांबतात. दिग्दर्शकाने हे हेतुपूर्वक केले की नाही याला महत्त्व नाही. मराठी प्रेक्षकाला तो दुवा जोडता येतो.

आता मागे जाऊ. १९३५ साली मुंबईच्या वाडिया मुव्हीटोनचा ‘हंटरवाली’ आला. दिग्दर्शक होमी वाडिया, आणि नायिका ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, म्हणजे आपली ‘फिअरलेस नादिया’. राजाला बंदिवान करणारा दुष्ट राणामल, आणि बापासाठी व रयतेसाठी डोळ्यांवर मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन निघालेली राजकन्या माधुरी. हा चित्रपट मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. हंटरवालीच्या नावाने चाबूक, पट्टे, काड्यापेट्या विकल्या गेल्या, इतके ते वेड होते. (खलनायकाचे नाव राणामल; त्र्याऐंशी वर्षांनी ‘भावेश जोशी’तल्या बड्या खलनायकाचे नाव राणा. योगायोगच असावा, पण गमतीचा.)

याच १९३५ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने एकनाथांवरचा ‘धर्मात्मा’ काढला. आधीचे ‘महात्मा’ हे नाव अभ्यवेक्षणात अडकले आणि बदलावे लागले, ही हकीकत आपल्या चित्रपट-इतिहासांत आवर्जून सांगितली जाते. ‘हंटरवाली’ला त्या इतिहासांत पुष्कळदा ‘स्टंटपट’ या शब्दाखाली दोन ओळी मिळतात. प्रभातचा प्रेक्षक पांढरपेशा आणि वाडियांचा प्रेक्षक गिरणीतला, बंदरावरचा, अशी वाटणी आपण फार लवकर स्वीकारली. त्या दुसऱ्या प्रेक्षकाने आपले मत लिहून ठेवले नाही. त्याने ते पुन्हा तिकीट काढून नोंदवले. म्हणून आमच्या वाङ्मयीन शिस्तीला ते मतच वाटले नाही.

त्या प्रेक्षकाला काय आवडले असेल? परदेशी बाई चाबूक मारते याची नवलाई होतीच. पण तेवढ्याने पंचवीस आठवडे निघत नाहीत. ‘हंटरवाली’मध्ये अन्यायाला एक चेहरा आहे आणि एक मान आहे. ती मान धरली की राज्य सुटते. शिवाय न्याय लोकांच्या डोळ्यांदेखत होतो. मुखवटा हा लपण्यासाठी असतो, पण शेवटी तो चारचौघांत उतरतो. लोकांनी जिला वाचवणारी मानले ती कोण, हे लोकांना कळते. आमच्या मते मुखवटाधारी नायक आणि त्याचा प्रेक्षक यांच्यातला करार तो हाच: शत्रू एक असावा, तो ओळखू यावा, आणि हिशेब सर्वांसमोर व्हावा. बाकी मग तो कड्यावरून उडी मारो की धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करो, प्रेक्षक हरकत घेत नाही. संभाव्यतेची चिंता समीक्षकाला असते.

छापील मजकुरातही हा करार पाळला गेला. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. त्यांतला चंद्रवदनाच्या सभ्य रूपाआड दडलेला काळा पहाड काय किंवा झुंजार काय, दोघेही कायद्याच्या कडेला उभे राहून कायद्याला जमत नाही ते करतात. आमच्यापैकी जे आज मराठी शिकवतात त्यांनी हे सारे अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले आहे, आणि पुढे अभ्यासक्रम ठरवताना त्यांतले एकही पान कोठे येऊ दिलेले नाही. असो.

१९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली आणि ली फॉकचा ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ होऊन आला. हे भाषांतर आम्हांला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ भूत, छाया. मराठीत त्याला मिळाले ते गावाबाहेर शेंदूर लावून बसलेल्या देवाचे, भुतांच्या राजाचे नाव. ज्या मुलाने गावचा वेताळ पाहिला आहे त्याला घट्ट जांभळ्या कपड्यांतल्या गोऱ्या माणसाचे नवल वाटेनासे झाले. या वेताळाची कुळकथाही सुडाची आहे. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून पहिल्या वेताळाने शपथ घेतली, आणि मग मुखवटा बापाकडून मुलाकडे जात राहिला. लोकांना वाटते तो अमर आहे. अमर असतो तो मुखवटा. ‘भावेश जोशी’त मेलेल्या मित्राचा मुखवटा सिकू उचलतो तेव्हा आम्हांला अमेरिकेच्या अलीकडच्या काळोख्या बॅटमॅनआधी हा वेताळच आठवला. फरक इतकाच, की येथे वारसा वाट्याला येत नाही, तो पश्चात्तापाने उचलावा लागतो.

पडद्यावर या कराराची सर्वांत मोठी जत्रा भरली ती १९८८ च्या ‘शहेनशाह’मध्ये. अमिताभ बच्चन नुकतेच, १९८७ साली, बोफोर्सच्या वादळात खासदारकी सोडून बाहेर पडले होते. प्रदर्शनाला विरोध झाला, तरी फेब्रुवारी १९८८ मध्ये लोक लोटले. दिवसा लाचखाऊ वाटणारा फौजदार, रात्री लोखंडी बाहीचा शहेनशाह. लाचेच्या खोट्या आरोपामुळे बापाने आत्महत्या केलेली, त्याचा सूड. आणि शेवट थेट न्यायालयात, न्यायाधीशांसमोर, खलनायकाला फास. कायद्याच्या घरातच कायदा बाजूला सारून हिशेब पुरा केला जातो आणि तो पाहायला गर्दी हजर असते. अभिरुचीच्या दृष्टीने या चित्रपटावर जे आक्षेप घेतले गेले ते आम्हांला मान्य आहेत. पण ज्यांना कचेरीत, न्यायालयात फक्त तारखा मिळतात त्यांनी त्या शेवटावर शिट्ट्या का मारल्या, हे समजून न घेता घेतलेला आक्षेप अपुरा आहे.

यानंतरचा इतिहास एका माणसाच्या कारकिर्दीतून सांगता येतो, आणि तो माणूस मराठी आहे. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ साली आला. बँकेत नोकरी करणारा, लोकलने ये-जा करणारा, नियमाने वागणारा माधव आपटे (संदीप कुलकर्णी) एके दिवशी फुटतो आणि हाती बॅट घेऊन शहराला नियम शिकवू पाहतो. त्याला मुखवटा नाही. मध्यमवर्गीय चेहरा हाच त्याचा मुखवटा. त्याला कोणी ओळखतच नाही. चित्रपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी माधव आपटे मारला जातो, व्यवस्था होती तशी राहते. तरीही प्रेक्षकांनी तो स्वीकारला. कारण, आम्हांला वाटते, त्यात सूड कोणा एका खलनायकावर नव्हताच. तो रोजच्या गाडीवर, रांगेवर, देणगीवर, हाताखालून दिल्या जाणाऱ्या पैशांवर होता, आणि त्या गर्दीतला प्रत्येक जण स्वतःला आपटे समजत होता. करार मोडला होता, पण बदल्यात प्रेक्षकाला पडद्यावर जागा मिळाली होती.

त्याच कामतांनी २०१४ साली ‘लय भारी’ केला. विठ्ठलाच्या पायाशी वाहिलेला मुलगा माऊली, जुळ्या भावाचा खून, आणि सूड. रितेश देशमुखांच्या या चित्रपटाने तोवरच्या मराठी चित्रपटांत गल्ल्याचा उच्चांक गाठणाऱ्यांत स्थान मिळवले. येथे जुना करार अक्षरशः पाळलेला आहे: शत्रू एक, तो घरातलाच, आणि हिशेब उघड. आमच्या भागात माऊलीच्या शब्दफेकीची नक्कल शाळकरी पोरेही करत. ‘डोंबिवली फास्ट’वर लेख लिहिणाऱ्यांनी ‘लय भारी’वर मौन पाळले. एकाच दिग्दर्शकाचे हे दोन चित्रपट शेजारी ठेवून वाचण्याची संधी त्यामुळे हुकली.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, निखिल महाजन यांनी ‘बाजी’त मराठी सुपरहिरो उभा करण्याचा सरळ प्रयत्न केला. श्रेयस तळपदे नायक, जितेंद्र जोशी खलनायक, आणि लोकांच्या रक्षणासाठी धावून येणाऱ्या घोडेस्वाराची दंतकथा. कल्पना चांगली होती; लोककथेतला रक्षक आणि मुखवट्याचा नायक यांचा सांधा जुळण्यासारखा होता. पण प्रेक्षक फिरकला नाही. तेथे दंतकथा गावाने वर्षानुवर्षे सांगितलेली वाटत नाही, पटकथेने सांगितलेली वाटते, एवढेच आम्ही म्हणू.

आणि मग २०१८. ‘भावेश जोशी’तला राणा, म्हणजे पाणी पळवणाऱ्या साखळीच्या वरच्या टोकाला बसलेला राजकारणी, साकारला तो निशिकांत कामतांनीच. आपटेला शहरात सोडणारा दिग्दर्शक तेरा वर्षांनी आपटेंचे पाणी तोडणारा झाला. कामत १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबादमध्ये गेले. त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत ‘डोंबिवली फास्ट’ आणि ‘दृश्यम्’ यांच्या तुलनेत ही भूमिका मागे राहिली. आम्हांला मात्र ती त्यांच्या कामाचा शेवटचा टीकालेख वाटते. राणा ओरडत नाही, हसून दाखवत नाही, फार वेळ दिसतही नाही. प्रेक्षकांनी ‘खलनायक फिका’ म्हटले ते याला. पण पाण्याचा चोर असाच असतो. तो पळवून नेताना दिसत नाही, तो सही करताना दिसतो. नगरसेवकाच्या वर कोणीतरी, त्याच्या वर आणखी कोणीतरी. मान कोठे धरायची? ‘हंटरवाली’पासून चालत आलेला करार येथे तुटतो. नायक कमी पडतो असे प्रेक्षकाला वाटते, कारण शत्रूला गळाच नाही.

इथवर आम्ही चाहत्यांच्या बाजूचे दिसू. पण आमचाही एक आक्षेप आहे, आणि तो आम्हांला सुचला नाही, आम्हांला ऐकवला गेला.

वाटूर हे जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, परतूर तालुक्यातले गाव. येथे आम्ही काही शिक्षक आणि महाविद्यालयात जाणारी काही मुले-मुली यांनी एका उन्हाळ्यात हा चित्रपट एकत्र पाहिला. आम्ही मुखवट्यांच्या इतिहासावर बोलायची तयारी करून बसलो होतो. पूर्वार्धाच्या अखेरीस भावेश रात्री चोरून पाण्याच्या साखळीचा माग काढतो, टँकर कोठे भरतात ते पाहतो, पार्श्वसंगीत चढते, काळोख दाटतो, आणि एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, यात लपवायसारखं काय आहे? टँकर कुठे भरतो ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं.”

या वाक्याने आमची तयारी कोलमडली. चित्रपटाचा सारा काळोख एका गृहीतावर उभा आहे: पाणी कोठे जाते हे कोणाला ठाऊक नाही, आणि ते उघडकीस आणले तर लोक पेटून उठतील. मुंबईच्या प्रेक्षकासाठी ते गृहीत चालत असेल. मराठवाड्यात ते चालत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरच्या पाण्यावर जगले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा १४४ कलमाचा आदेश लागू झाला, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वर्तमानपत्रांनी ‘टँकरवाडा’ हा शब्द केव्हाचा रूढ केला आहे. येथे पाणी ही रहस्यकथा नाही. ते कोणाच्या विहिरीतून येते, कोणत्या वस्तीत आधी रिकामे होते आणि कोणत्या वस्तीत शेवटी, हे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला नेमके माहीत असते. माहिती असून काही होत नाही, हे येथले दुःख आहे. ते दाखवायला रात्र लागत नाही. ते भर दुपारी घडते.

दुसरा एक मुलगा म्हणाला की, या चित्रपटात रांग कोठे आहे? ज्यांचे पाणी तोडले ती माणसे तक्रार देण्यापुरती येतात आणि मग पडद्यावरून नाहीशी होतात. हे खरे आहे. ‘हंटरवाली’त रयत होती, ‘शहेनशाह’त न्यायालयातली गर्दी होती, ‘डोंबिवली फास्ट’मध्ये लोकलभर माणसे होती. ‘भावेश जोशी’त दोन मित्र आहेत, एक सांगणारा आहे, आणि बाकी शहर पाठीमागे धूसर. ‘नायक कमी पडतो’ या सर्वसाधारण तक्रारीचा आमच्या गावातला पाठभेद असा, की नायक पुरेसा आहे, लोक कमी पडले.

मराठी चित्रपटाने पाणीचोरी हाताळली आहे ती अगदी निराळ्या रीतीने. २००७ च्या ‘जाऊ तिथं खाऊ’मध्ये मकरंद अनासपुरे यांचा गावकरी विहीर चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन पोलिसांत जातो. विहीर फक्त कागदावर खोदलेली. मग कागदावर आहे ती जमिनीवर नाही, म्हणजे चोरीच. मुखवटा नाही, सूड नाही. सरकारी भाषा जशीच्या तशी घेऊन ती सरकारवरच उलटवणे आहे. हा विनोद आमच्या भागात वर्षानुवर्षे सांगितला जातो आणि दर वेळी नव्याने हसू येते. पण त्या दुपारी आम्ही हे उदाहरण दिले, तेव्हा मुले फारशी हसली नाहीत. त्यांच्या मते विहिरीच्या फिर्यादीवर हसून आमची पिढी घरी गेली. भावेश जोशी निदान मेला तरी. हे मत आम्हांला अजून पचलेले नाही. मुखवट्याच्या सुडावर आमचा विश्वास नाही, आणि हसण्याने विहीर परत आली नाही, हेही नाकारता येत नाही.

चित्रपटाचा उत्तरार्ध, म्हणजे सिकूचे शिकणे, दुचाकीचा पाठलाग, हाणामाऱ्या, हा बहुतेक प्रेक्षकांना सैल वाटला, तसा तो आमच्या मंडळींनाही वाटला. त्यावर मुलांनी फार वेळ घालवला नाही. त्यांचे बोलणे पुन्हा पुन्हा पहिल्या भागाकडे जात होते: डोक्यावर पिशवी घालून रस्त्यावर उभे राहिलेले, हास्यास्पद दिसणारे, मार खाणारे तिघे. त्यांना सुपरहिरो पटला नाही, पिशवी पटली. चित्रपट संपल्यावर एकाने विचारले की, पिशवीला डोळ्यांची भोके पाडताना भावेशने श्वासासाठी भोक पाडले होते का. कोणालाच आठवेना. चित्रपट मागे नेऊन तो प्रसंग शोधायला घेतला, तेवढ्यात वीज गेली.